पहिला नंबर कुणाचा?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एसइओ हा शब्द तुमच्यातल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेला असेल. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते : तीन महिन्यांत एसइओ शिका, घरबसल्या कमवा. ते कमवायचं कसं हे सांगायला मी उभा नाही. मला ते जमत असतं तर ह्या बंद पंख्याखाली घाम पुसत उभा राहिलो नसतो.

गोष्ट साधी आहे. सर्च इंजिन नावाचं एक यंत्र आहे. तुम्ही चार शब्द टाकता, ते जगभरातली पानं तुमच्यापुढं ओळीत उभी करतं. पहिला कोण, दहावा कोण, नव्वदावा कोण, हे तेच ठरवतं. कशावरून ठरवतं हे अर्धंमुर्धं सांगतं. आणि उरलेल्या अर्ध्याच्या अंधारात एक बाजार भरलेला आहे. अंदाज विकणाऱ्यांचा बाजार. कुणी आकडा विकतो, कुणी लिंका विकतो, कुणी दोनशे घटकांची यादी विकतो. आम्ही तिघंचौघं गेलं वर्षभर ह्या बाजारातला माल घासून बघतोय. सोनं किती आणि पितळ किती. तो हिशेब आज मांडतो.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? चपला विकणारे, विमा विकणारे पडोत ह्या भानगडीत.

मग ऐका. बारावीतली एक पोरगी आहे. जातीचा दाखला काढायचाय. घरात मोबाईल एक, तोही संध्याकाळी बाप कामावरून आल्यावर हातात येणार. ती विचारते, दाखल्याला काय लागतं? वर जाहिरात. खाली एजंटाचं पान. त्याच्याखाली दुसऱ्या एजंटाचं, पहिल्याचंच चोरून चिकटवलेलं. तिथं लिहिलंय, 'सर्व आवश्यक कागदपत्रे जोडावीत.' अरे, पण कुठली? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत तर शाळेचा दाखला कुठून आणायचा? मग कोतवाल बुकाची नक्कल मागायची, गाव नमुना नंबर १४. एवढी चार वाक्यं त्या पोरीला हवी असतात. ती चार वाक्यं कुठंतरी पाचव्या पानावर पडलेली असतात, आणि पाचव्या पानापर्यंत कुणी जात नाही. ती एजंटाला फोन करते.

आम्ही ती चार वाक्यं नीट लिहून एक पान टाकलं. पत्ता टाकला की पान सापडायचं, प्रश्न विचारला की सापडायचं नाही. तिथून आमचा खटाटोप सुरू झाला.

आधी हे यंत्र आलं कुठून ते बघू.

१९९० नंतरची पहिली सर्च इंजिनं मुख्यतः शब्द मोजायची. पानावर शब्द जास्त वेळा आला की पान वर. मग लोकांनी काय केलं? पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात तोच शब्द पाचशे वेळा लिहिला. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. सगळी ओळ चोरांनी भरून गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघं विद्यार्थी होते. त्यांनी उलटा विचार केला. पान स्वतःबद्दल काय बोलतं ते बाजूला ठेवा, दुसरे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते बघा. एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली म्हंजे शिफारस केली. शास्त्रज्ञांच्या जगात ही रीत आधीची. कुणाच्या निबंधाचा दाखला किती जणांनी दिला, त्यावरून त्याचं वजन. यूजीन गारफील्डनं १९६४ साली त्याची सूचीच काढली होती. पेज-ब्रिननी त्यात भर घातली ती अशी : शिफारस करणारा कोण, हेही मोजायचं. ज्याला स्वतःला पुष्कळ शिफारशी, त्याची शिफारस जड. आणि ज्यानं शंभर जणांना चिठ्ठ्या वाटल्या, त्याच्या एकेका चिठ्ठीला शंभरावा हिस्सा. ह्याचं नाव पेजरँक.

ओळखीचं वाटतंय ना? एका बाजूला शंभर मजुरांचे अंगठे, दुसऱ्या बाजूला पाटलाची एक चिठ्ठी. कचेरीत कुठला कागद आधी सरकतो?

पण मी इथं घाईनं शिव्या देणार नाही. शब्द मोजण्यापेक्षा हे खरंच बरं चाललं. खोटेपणा करायला आता पैसा लागायला लागला, पूर्वी तोही लागत नव्हता. फक्त ह्या हिशेबात एक गोष्ट पायातच बसलीय. ज्याची ओळख आधीपासून आहे त्याची आणखी ओळख होते. नवं पान, ज्याला अजून कुणी विचारत नाही, ते गावकुसाबाहेर.

आणखी एक मजा सांगतो. १९९८ साली ब्रिस्बेनच्या परिषदेत ह्या दोघांनी आपला निबंध मांडला. त्यात त्यांनीच लिहून ठेवलंय की जाहिरातीच्या पैशावर चालणारं सर्च इंजिन मुळातच जाहिरातदाराकडं झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून लांब जाणार. २००० साली त्यांच्याच कंपनीनं जाहिरातींची योजना सुरू केली. पेटंटच्या बदल्यात विद्यापीठाला शेअर मिळाले होते. ते विकून २००५ पर्यंत विद्यापीठाला ३३ कोटी ६० लाख डॉलर आले. धोका कुठाय हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं, तेच त्या वाटेनं गेले.

आता बाजार कसा बसला ते. २००० साली कंपनीनं ब्राउझरवर लावायला एक पट्टी दिली, टूलबार. तिच्यात कुठल्याही पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा दिसायचा. शिफारशीला आकडा चिकटला, आणि आकडा चिकटला की भाव ठरतोच. सहा नंबरच्या पानावरची लिंक इतक्याला, सातची तितक्याला. २०१६ साली तो आकडा लोकांना दाखवणं बंद झालं. लिंकांची विक्री बंद झाली का? छट्!

अमेरिकेत जे. सी. पेनी नावाचं मोठं दुकान आहे. २०१० च्या नाताळच्या हंगामात तुम्ही कपडे शोधा, चादरी शोधा, गालिचे शोधा, पहिला नंबर ह्यांचा. न्यूयॉर्क टाइम्सनं खणून काढलं. हजारो पानांवर, ज्यांचा चादरीशी काडीचा संबंध नाही, ह्यांच्या लिंका पेरलेल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलनं हात उगारला. एका बॅगेच्या शोधात हे दुकान संध्याकाळी सात वाजता पहिलं होतं, दोन तासांनी एक्काहत्तरावं. दुकान म्हणालं, आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नाही, आणि एसइओवाल्या फर्मला काढून टाकलं. सुमारे तीन महिन्यांनी शिक्षा उठली. त्याआधी २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाईट सापडली होती. यंत्राला एक पान दाखवायची, माणसाला दुसरं. तिला यादीतून काढलं, आणि काही दिवसांतच परत घेतलं. तुमचं-माझं पान असतं तर किती दिवसांत परत आलं असतं, एवढंच मी विचारून ठेवतो.

आता टूलांकडं येतो.

एका दुकानदारानं आम्हाला आमच्या साईटचा आकडा दाखवला. शंभरपैकी चार. एक्सरे बघून डॉक्टर करतो तसा चेहरा केला. म्हणाला, निदान तीस पाहिजे, पन्नास लिंका घ्या, सवलतीत देतो. आम्ही विचारलं, हा आकडा कुणी दिला? म्हणाला, टूलनं. टूल कुणाचं? तर मॉझ नावाच्या कंपनीचं. त्या आकड्याला म्हणतात डोमेन अथॉरिटी. एएचरेफ्सचा तसाच एक आकडा आहे, डोमेन रेटिंग. ह्या कंपन्या आपापले यांत्रिक गडी इंटरनेटवर हिंडवतात, दिसतील त्या लिंका गोळा करतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. एकाच साईटला दोन टूलं दोन आकडे देतात, कारण दोघांचे गडी वेगवेगळ्या गल्ल्या हिंडलेले असतात. मॉझ स्वतः उघड सांगते की गूगल हा आकडा वापरत नाही. दुकानदार तेवढं सांगायचं विसरतो. आणि हा आकडा सरळ पायऱ्यांचा नाही. वीसवरून तीसला जाणं सोपं, सत्तरवरून ऐंशीला जाणं महाकठीण.

टूलं निकामी आहेत असं मी म्हणत नाही. तुमच्या पानाला कुणी लिंक दिली, कुठली लिंक तुटली, कुठल्या पानाला शीर्षकच नाही, हे ती चोख सांगतात. हजेरी घ्यायला ठीक. निकाल लावायला नाही.

मग येतात रँकिंग घटकांचे 'अभ्यास'. लाखो शोध घेतले, पहिल्या दहांतल्या पानांना लिंका जास्त आढळल्या, म्हणून लिंका वाढवा. वा रे शहाणे! फौजदाराच्या ओळखी दांडग्या असतात. म्हणून तुम्ही ओळखी वाढवल्यात तर फौजदार होणार काय? जे पान वर आहे ते लोकांच्या नजरेला पडतं, नजरेला पडतं म्हणून त्याला लिंका मिळतात. आधी काय आणि नंतर काय, हे दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्यानं कळत नाही. त्यातली एक मुद्दाम हलवून बघावी लागते.

तिसरा माल म्हंजे कीवर्ड. अमुक शब्द महिन्याला किती लोक शोधतात, त्याचा आकडा. मराठी प्रश्न टाका, टूल म्हणतं शून्य. शून्य म्हंजे कुणी विचारत नाही? गूगल स्वतःच सांगत आलंय की रोज येणाऱ्या शोधांतले सुमारे १५ टक्के आधी कधीच न आलेले असतात. आमच्या पानावर माणसं ज्या प्रश्नांनी आली त्यातले कितीतरी टूलच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. ज्या वस्तीची खानेसुमारीच झाली नाही तिथं माणूस राहत नाही, असा हा न्याय.

बरं, टूलवाल्याचं सोडा. खुद्द मालकाचं म्हणणं तरी प्रमाण मानायचं का?

क्लिकचं उदाहरण घ्या. लोक ज्या निकालावर क्लिक करतात, त्यानं त्या पानाचा नंबर बदलतो का? कंपनीची माणसं वर्षानुवर्षं सांगत आली की क्लिक हा रँकिंगचा थेट घटक नाही. आता घटना बघा. २०१० साली गूगललाच संशय आला की मायक्रोसॉफ्टचं बिंग आपली नक्कल करतंय. त्यांनी शंभरेक निरर्थक शब्द घेतले, कुणी कधी न टाकणारे, आणि प्रत्येकापुढं मुद्दाम असंबद्ध पान बसवलं. वीस इंजिनिअरांना सांगितलं, घरी जा, मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधून हे शब्द टाका आणि त्या पानावर क्लिक करा. काही आठवड्यांत शंभरातल्या सात ते नऊ शब्दांना बिंगवर तीच असंबद्ध पानं दिसायला लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये ह्याचा बोभाटा झाला. बिंगवाले म्हणाले, वापरणाऱ्यांनी संमती दिलेली माहिती आम्ही घेतो, आमच्या अनेक खुणांतली ती एक खूण. म्हंजे एका इंजिनानं तरी क्लिक मोजल्याचं दुसऱ्यानं सिद्ध केलं, आणि तेही खोट्या शब्दांचा प्रयोग करून. ही युक्ती लक्षात ठेवा.

२०१४ साली रँड फिशकिन ह्या एसइओवाल्यानं आपल्या वाचकांना जाहीर सांगितलं, हा शोध टाका आणि अमुक पानावर क्लिक करा. खाली पडलेलं पान काही तासांत पहिल्या जागी आलं. लोक म्हणाले, योगायोग. मग अमेरिकेच्या सरकारनं गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला, २०२३ च्या सप्टेंबरात सुनावणी उभी राहिली. गूगलच्या सर्च विभागातले वरिष्ठ अधिकारी पांडू नायक ह्यांनी तिथं शपथेवर सांगितलं की नॅव्हबूस्ट नावाची एक यंत्रणा आहे, ती १३ महिन्यांच्या क्लिक्स साठवून वापरते, आणि ती महत्त्वाची आहे. २०२४ च्या मे महिन्यात कंपनीचे आतले तांत्रिक कागद बाहेर फुटले. चौदा हजारांवर नोंदी. त्यात क्लिकच्या नोंदी, त्यात अख्ख्या साईटच्या वजनाची नोंद. कंपनीनं कागद खरे असल्याचं मान्य केलं, पण संदर्भ सोडून अर्थ काढू नका म्हणाली. ते म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. नोंद आहे एवढंच त्या कागदात दिसतं, कुठल्या नोंदीला किती वजन हे त्यात नाही. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी निकाल दिला की कंपनीनं बेकायदा मक्तेदारी टिकवली. मोबाईल आणि ब्राउझरमध्ये आपलंच इंजिन आधीपासून बसलेलं असावं म्हणून तिनं एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरच्या वर मोजले होते, ही गोष्टही त्याच खटल्यात बाहेर आली. पहिला नंबर वाटणाऱ्याला स्वतःचा पहिला नंबर विकत घ्यावा लागतो बघा!

सांगायचं ते हे की जे दहा वर्षं विचारून कळलं नाही ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कळलं. आपल्या हातात कोर्ट नाही. आपल्या हातात प्रयोग आहे.

तर आमचे प्रयोग. पहिला खोट्या शब्दाचा. आम्ही देवनागरीत एक शब्द बनवला, ज्याला सर्च इंजिनवर एकही निकाल येत नव्हता. चार पानं केली. एकात शब्द फक्त शीर्षकात. दुसऱ्यात फक्त मजकुरात. तिसऱ्यात फक्त पानाच्या पत्त्यात. चौथ्यात कुठंच नाही, पण दुसऱ्या एका साईटवरून त्या शब्दावर लिंक दिली. काही आठवडे थांबलो. शीर्षकवालं आणि मजकूरवालं नीट आलं, शीर्षकवालं वर. पत्तेवालं रेंगाळत आलं. चौथंही अधूनमधून दिसायचं, ज्या पानावर तो शब्दच नाही ते! ह्यात आम्ही काही अमेरिका शोधली नाही. २००३ च्या अखेरीपासून इंग्रजीत 'दारुण अपयश' अशा अर्थाचे दोन शब्द टाकले की बुशसाहेबांचं व्हाइट हाउसवरचं चरित्र पहिलं यायचं. पुष्कळ लोकांनी ठरवून त्या शब्दांवर लिंका दिल्या होत्या. २००७ च्या जानेवारीत कंपनीनं ती वाट बुजवली.

आता ह्या प्रयोगाची मर्यादा ऐका, कारण विकणारे इथंच टांग मारतात. खोट्या शब्दाला स्पर्धाच नाही. रिकाम्या मैदानात लंगडाही पहिला येतो. यंत्र काय काय वाचतं एवढं ह्यातून कळतं. भरल्या बाजारात ते कशाला किती तोलतं, हे कळत नाही.

म्हणून दुसरा प्रयोग खऱ्या शब्दांवर केला, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ह्यानं. आमची दोन पानं होती. एक जातीच्या दाखल्याचं, दुसरं उत्पन्नाच्या दाखल्याचं. एकाला सरकारी मराठीतलं शीर्षक दिलं : 'जात प्रमाणपत्र प्राप्त करणेकामी आवश्यक कागदपत्रे.' दुसऱ्याला आपल्या बोलीतलं : 'उत्पन्नाचा दाखला काढायला काय काय लागतं.' मजकूर जसाच्या तसा ठेवला. सहा आठवडे वहीत नोंदी. मग अदलाबदल केली. जातीच्या दाखल्याला बोलीतलं शीर्षक, उत्पन्नाच्या दाखल्याला सरकारी. पुन्हा सहा आठवडे. एकाच दाखल्याची दोन पानं का केली नाहीत? कारण जुळी पानं दिसली की यंत्र त्यातलं एकच दाखवतं, दुसरं झाकून ठेवतं. तिसरं एक पान शेजारी होतं, त्याला आम्ही बोटही लावलं नाही. ते साक्षीदार. मधे कंपनीनं आपल्या यंत्रात मोठी उलथापालथ केली तेव्हा ते न हलवलेलं पानही वरखाली झालं. मग त्या दोन आठवड्यांच्या नोंदी आम्ही सरळ खोडल्या. साक्षीदार पान नसतं तर ती उडी आमच्या कर्तबगारीची म्हणून मिरवली असती.

निकाल असा. दोन्ही वेळेला बोलीतलं शीर्षक जिथं, तिथं माणसं जास्त. सरकारी शीर्षकाला आठवड्यात बोटांवर मोजण्याइतकी, बोलीतल्याला रोज कोण ना कोण. नंबर थोडाच हलला होता, पण दिसल्यावर क्लिक करणारे पुष्कळ वाढले. कारण उघड आहे. माणूस मोबाईलला 'प्राप्त करणेकामी' असं विचारत नाही. तो विचारतो, दाखला कसा काढायचा, आजोबाचा पुरावा नाही तर काय करायचं. आमच्याकडं आलेल्या प्रश्नांत निम्म्याच्या आसपास मराठी, पण रोमन अक्षरांत लिहिलेली. स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. पोरं देवनागरीत टाइप करत नाहीत म्हणून नाक मुरडणारे प्राध्यापक आहेत. मुरडा. प्रश्न खरा आहे. आम्ही पानाच्या तळाशी 'लोक असंही विचारतात' म्हणून ते प्रश्न जसेच्या तसे लिहिले आणि प्रत्येकाखाली उत्तर दिलं. पांढऱ्यावर पांढरं नव्हे, काळ्या अक्षरात, माणसानं वाचावं म्हणून.

अक्षरांचा एक घोळ सांगितलाच पाहिजे. आपली जुनी पत्रकं, अंक, टिपणं कृतीदेवसारख्या फॉन्टात टाइप झालीत. डोळ्याला 'क' दिसतो, आत रोमन 'डी' बसलेला असतो. यंत्र वाचतं ते रोमन कडबोळं. असं पान कितीही मोलाचं असो, कुठल्याच शोधात येणार नाही. आधी युनिकोडात आणा, मग एसइओच्या गप्पा मारा. युनिकोडातही 'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हेनं लिहिता येतो. डोळ्याला सारखा, यंत्राच्या पोटात वेगळा. मोठी इंजिनं बरंचसं सांभाळून घेतात, पण आपल्या स्वतःच्या साईटवरची लहान शोधपेटी घेत नाही, तिथं माणूस रिकाम्या हातानं परत जातो.

वेगाबद्दल थोडक्यात. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी असा गूगलचा दंडक आहे. आम्ही नेत्यांचे चार मोठे फोटो काढले, पान हलकं झालं. नंबर तसूभर हलला नाही. पण गावाकडच्या नेटवर पान उघडायला लागलं. तेवढ्यासाठी फोटो गेले ते बरंच झालं.

आणि आकडा वाचताना एक सावधगिरी. सर्च कन्सोल नावाचं गूगलचं फुकट टूल आहे, त्यात सरासरी स्थान दिसतं. आमचं सरासरी स्थान आठवरून एकवीसवर घसरलं तेव्हा एक पोरगा रडकुंडीला आला. खोलात गेलो तर पान पूर्वी चार प्रश्नांना दिसायचं, आता साठ प्रश्नांना दिसत होतं, त्यातल्या पुष्कळांना खालच्या नंबरावर. जुने चार प्रश्न होते तिथंच होते. जे पान दिसतच नाही त्याची सरासरी कधी बिघडत नाही. म्हणून प्रश्नवार बघायचं, एकगठ्ठा नाही. स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचं पान शोधून 'पहिलं आलं, पहिलं आलं' म्हणून नाचायचं नाही. तुमच्या गावावरून, तुमच्या जुन्या शोधांवरून निकाल बदलतात. लॉग-आउट करा, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राला बघायला सांगा.

आता तर ओळीच्याही वर एक नवा पाहुणा येऊन बसलाय. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही एआयनं तयार केलेलं उत्तर निकालांच्या डोक्यावर दिसतं. आपल्यासारख्यांची पानं वाचून ते उत्तर शिजतं, आणि माणूस खाली उतरतच नाही असं पुष्कळदा होतं. आमच्या विषयात कधी ते उत्तर येतं, कधी येत नाही. आलं की त्यातली तारीख बरोबर आहे का हे आम्ही तपासून ठेवतोय. दाखल्याच्या कामात १९५० च्या जागी १९६१ छापलं गेलं तर फुकट गेलेला खेटा कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको.

राहिला लिंकांचा प्रश्न. विकत घ्यायच्या नाहीत हे ठरलंय. मग मिळवायच्या कशा? २००४ साली एसइओवाल्यांनी आपसात एक शर्यत लावली होती. 'नायग्रिट्यूड अल्ट्रामरीन' ह्या निरर्थक शब्दजोडीवर जो पहिला येईल तो जिंकला. शेकडो धंदेवाले सगळी हत्यारं घेऊन उतरले. अखेरची फेरी जिंकली अनिल डॅश ह्या माणसानं. त्यानं आपल्या वाचकांना एवढंच सांगितलं होतं की माझ्या पानाला लिंक द्या. वाचक खरे होते, त्यांनी दिल्या.

आमचा पुढचा प्रयोग तोच. तुमच्यातल्या कुणाच्या वसतिगृहाची, वाचनालयाची, कॉलेजच्या मंडळाची साईट असेल, आणि दाखल्याचं पान वाचून ते तुम्हाला पटलं असेल, तरच लिंक द्या. पटलं नसेल तर चूक कुठाय ते सांगा, आधी ती दुरुस्त होईल. सगळ्यांनी एकाच दिवशी देऊ नका. उत्पन्नाच्या दाखल्याच्या पानाला कुणीही लिंक द्यायची नाही, ह्या वेळचा साक्षीदार तो. लिंक दिली की तारीख कळवा. पहिल्या रविवारी नांदेड, चंद्रपूर आणि सोलापूरची पोरं लॉग-आउट करून तेच पाच प्रश्न टाकतील आणि नंबर वहीत उतरवतील. प्रश्नांचे कागद दाराजवळच्या बाकावर ठेवलेत, जाताना एकेक घेऊन जा.